एका खुर्चीची घडण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चिटणिसांनी या व्याख्यानमालेचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली होती. आम्ही 'खुर्ची' असे सांगताच ते क्षणभर थबकले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, मंडळात राजकारण आणायचे नाही असा आपला दंडक आहे." आम्ही त्यांना आश्वासन दिले की, ज्या खुर्चीविषयी आम्ही बोलणार आहोत तिच्यासाठी आजवर कोणी निवडणूक लढवलेली नाही. चार पायांची, दोन हातांची, जिच्यावर माणूस नुसता बसतो, अशी ती साधी लाकडी खुर्ची आहे. तेव्हा कोठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

या विषयातला आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही सुतार नव्हे, अभियंतेही नव्हे. या पोलादनगरीत अभियंत्यांना तोटा नाही आणि आजच्या सभेतही निदान निम्मे श्रोते त्या विद्येतले आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. आम्ही मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढली. ती तीसही वर्षे खुर्चीवर बसून काढली, एवढाच काय तो आमचा अधिकार.

परंतु विषय सुचला तो कार्यालयात नव्हे, याच सभागृहात. आपल्या भजनी मंडळात वीस-बावीस वर्षे टाळ धरणाऱ्या एक आजी गेल्या दोन गणेशोत्सवांत दिसल्या नाहीत. प्रकृती बरी नसेल, या समजुतीने आम्ही उभयता त्यांच्या घरी गेलो. आजी ठणठणीत होत्या, स्वतः चहा करून त्यांनी आमच्यापुढे ठेवला. "मग कार्यक्रमाला का येत नाही?" असे विचारता त्या म्हणाल्या, "यायला काय, येईन रे बाबा. पण बसवत नाही."

'बसवत नाही' हा आपल्या भाषेतला मोठा विलक्षण प्रयोग आहे. त्यात कर्ता उघड बोलत नाही. न बसवण्याचा दोष मात्र मुकाट्याने बसणाऱ्याच्या देहावर येऊन पडतो. कंबर धरली, वय झाले, हाडे कुरकुरू लागली, असे आपण म्हणतो आणि घरी राहतो. ज्यावर बसायचे ती वस्तू कशी आहे, हे कोणी पाहत नाही. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचा सारांश एवढाच आहे की, माणसाला बसवत नसेल तर आधी खुर्ची तपासावी, माणूस नंतर. हे शहाणपण आम्हांस फार उशिरा आणि थोडी किंमत मोजून आले, म्हणून त्याची हकीकत सांगतो.

आपल्याकडे खुर्ची ही तशी पाहुणी. शब्ददेखील अरबी 'कुर्सी'वरून आलेला. आपली मूळची बैठक जमिनीवरची. जेवायला पाट, पूजेला आसन, दरबाराला गादी आणि पाठीशी लोड. तो लोड कमरेच्या आत वळलेल्या भागी बरोबर बसतो आणि पाठीला सावरून धरतो, हे त्याचे मर्म आपण विसरून गेलो. कार्यक्रमात पाहुण्यांची शोभा म्हणून लोड उरले.

लवचीक आसन आपल्याला नवे होते असे मात्र नाही. आपल्यापैकी बहुतेकांची घरे नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा या बाजूची. भिलाईचा करार १९५५ साली झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि त्या सुमारास मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्यांतून वऱ्हाड-नागपूरची कितीतरी कुटुंबे वळकटी-ट्रंका घेऊन दुर्गला उतरली. त्यांच्या मागे गावच्या ओसरीवर एक वस्तू राहून गेली होती, ती म्हणजे सुतळीने विणलेली बाज. इथे आल्यावर छत्तीसगडच्या प्रत्येक अंगणात तीच बाज 'खटिया' या नावाने भेटली. बाजेचे चातुर्य तिच्या पायगतीला असते. विणकाम बाजेच्या टोकापर्यंत नेत नाहीत. हातभर जागा मोकळी सोडून तेथे एक दोरी ओवतात. वापरून वापरून विणकाम सैल पडले, मध्ये झोळ आला, की ती दोरी ओढायची. बाज पुन्हा ताठ! झिजणारी वस्तू पुन्हा ताणून घेण्याची सोय मुळातच करून ठेवायची, हा विचार ज्या अनाम माणसाला सुचला त्याला आमचा नमस्कार असो.

हे सर्व आम्ही लहानपणी पाहिले होते, पण ध्यानात घेतले नव्हते. त्याचा पहिला धडा आम्हांस नोकरीत मिळाला आणि तेथे आम्ही नापास झालो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही नागपूरच्या एका कार्यालयात होतो. तेथल्या खुर्च्या जुन्या सागवानी आणि बैठक व पाठ वेताने विणलेली. वर्षातून दोन-तीनदा एक अंध कारागीर येत. मुंबईत १९०० ते १९०२ या काळात अंधांसाठी पहिल्या शाळा निघाल्या आणि पुढे अशा शाळांतून वेतकाम शिकवण्याची परंपराच पडली. सरकारी कार्यालयांतील व रेल्वेतील खुर्च्या विणण्याचे काम पुष्कळदा याच कारागिरांकडे जाई. हे गृहस्थ दर खुर्चीमागे ठरलेल्या मजुरीवर काम करीत. व्हरांड्यात पाण्याची बादली घेऊन बसत, वेताच्या साली भिजत घालीत आणि चौकटीच्या भोकांतून त्या ओवीत जात. दोन उभे थर, दोन आडवे आणि दोन तिरपे. तिरपे थर पडताच जाळीत अष्टकोनी डोळे उघडत. काम झाले की बोटाने टिचकी मारून ते आवाज ऐकत आणि तेवढ्यावरून कोठे ताण कमी-अधिक आहे ते सांगत.

एकदा आम्ही विचारले, "एवढे सैल का विणता? घट्ट ओढा की." ते हसून म्हणाले, "साहेब, वेत ओला आहे. वाळला की आपणहून आवळतो. आत्ताच घट्ट ओढला तर वाळताना तुटेल, नाहीतर चौकट ओढून घेईल. विणणाऱ्याला सैल ठेवायची हिंमत पाहिजे." जाळीला झोळ आला तर काय करावे, तेही त्यांनी सांगितले होते : खालच्या बाजूने ओल्या फडक्याने ती चांगली भिजवावी आणि रात्रभर कोणी बसू नये. सकाळपर्यंत ती पुष्कळशी ताठ होते.

पुढे त्या कार्यालयाने नव्या खुर्च्या घेण्याचे ठरवले. फोमची जाड बैठक, वर काळे रेक्झिन. जुन्या वेताच्या खुर्च्या निरुपयोगी ठरवून लिलावात काढण्याची टिप्पणी आमच्याच मेजावरून वर गेली. कारण म्हणून आम्ही लिहिले होते : 'बैठका सैल झाल्या आहेत.' ओल्या फडक्याची गोष्ट आम्हांस ठाऊक होती, तरी लिहिले. नव्या खुर्च्यांच्या झगमगाटात आम्हीही सामील होतो, हे आज कबूल केले पाहिजे. पुढच्या खेपेस ते कारागीर नेहमीप्रमाणे वेताची जुडी खांद्यावर टाकून आले. शिपायाने त्यांना काय झाले ते सांगितले. ते थोडा वेळ व्हरांड्यात बसले, पाणी प्याले आणि काठी टेकत निघून गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. बाहेर गेलो नाही. नव्या रेक्झिनवर नागपूरच्या मे महिन्यात सदरा पाठीला चिकटू लागला तेव्हा ते आम्हांस अनेकदा आठवले. पण टिप्पणी मागे घेण्याची तरतूद सरकारी नियमात असली तरी आयुष्यात नसते.

यानंतरचा भाग घरचा आहे. आमचे बाबा वर्धा जिल्ह्यात शिक्षक होते. वर्गात मास्तरांसाठी खुर्ची असे, पण छत्तीस वर्षांत तिच्यावर ते क्वचितच बसले. उभे राहिल्याशिवाय शिकवता येत नाही, अशी त्यांची श्रद्धा. आई गेल्यावर, २०१६ साली, एक्याऐंशीव्या वर्षी ते आमच्याकडे भिलाईला राहावयास आले. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणे संपले होते. आमच्या दिवाणखान्यात हौसेने घेतलेला गुबगुबीत सोफा होता. बाबा त्यात बसत म्हणण्यापेक्षा बुडत असत. उठताना एकाने दंड धरावा, दुसऱ्याने कमरेला आधार द्यावा. ज्या माणसाने उभे राहून आयुष्य काढले त्याला उभे करण्यासाठी दोन माणसे लागू लागली.

बाबांनी तक्रार केली नाही. काही दिवसांनी मात्र आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आले की, दुपारी चारनंतर ते पाणी पीत नाहीत. चहादेखील अर्धा कप. खोदून विचारले तेव्हा म्हणाले, "रात्री उठायचे झाले तर तुम्हां दोघांना हाका माराव्या लागतात. त्यापेक्षा पाणीच कमी प्यालेले बरे." श्रोतेहो, एप्रिल महिना होता. भिलाईचा एप्रिल-मे कसा असतो ते आपणांस सांगणे नको. त्या दिवशी आम्हांस कळले की, बैठक ही ऐषआरामाची गोष्ट नव्हे. तिच्यावर माणसाचे घोटभर पाणी अवलंबून असते.

मग आम्ही खुर्च्या आणण्याचा सपाटा लावला. प्रथम कॅनव्हासची आरामखुर्ची आणली. ती दुपारच्या डुलकीला उत्तम. पण तीत माणूस झोळीत पडल्यासारखा दुमडतो, मांड्या वर येतात, कंबर बाहेर फुगते आणि उठायचे म्हणजे विहिरीतून वर यायचे. मग हातांची प्लास्टिकची खुर्ची आणून तीवर उशी ठेवली. बैठकीचा उतार मागे असल्याने उशी मागे सरके, बाबा पुढे घसरत. शेवटी भारी किमतीची, चाकांची फिरती खुर्ची आणली. तिची पाठ खरोखर चांगली होती. पण उठण्यासाठी बाबांनी हातांवर भार दिला आणि खुर्चीच मागे पळाली. सुदैवाने मागे भिंत होती. त्या संध्याकाळी ती खुर्ची आम्ही गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवली आणि ठरवले की आता विकत काही आणायचे नाही. आधी समजून घ्यायचे.

समजले ते असे. बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर असतो. ती हाडे टेकण्यापुरता पाया त्यांना पक्का हवा. मांड्यांचे मांस मऊ, त्यांना दाब सोसत नाही. आसन सगळीकडे सारखेच कठीण असेल तर हाडे दुखतात, सगळीकडे सारखेच मऊ असेल तर हाडे खाली रुततात आणि भार मांड्यांवर व माकडहाडावर जातो. उभे असताना कमरेला आतल्या बाजूस जो बाक असतो तो बसताना सपाट होतो किंवा उलटा होतो. स्वीडनमधील बेंग्ट ओकरब्लोम यांनी १९४८ साली बसण्याच्या पद्धतीवर प्रबंध लिहून कमरेलगतच्या आधाराचे महत्त्व मांडले. पुढे त्याच देशातील आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला आणि आधाराविना बसण्यात तो उभे राहण्यापेक्षा अधिक असतो असे सांगितले. नंतरच्या मोजमापांत ही तफावत तशी आढळली नाही. परंतु पाठ मागे टेकवली की दाब उतरतो, ही गोष्ट दोन्हींकडे खरी ठरली. आपला लोड हे काम फार पूर्वीपासून करीत आला आहे.

दुसरी गोष्ट मापांची. खुर्चीची मापे पुष्कळदा पाश्चात्त्य देहावरून आपल्याकडे आली. भारतीय माणसांच्या देहाची मापे व्यवस्थित घेऊन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा ग्रंथ काढला तो १९९७ साली. तोपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी स्त्रियांनी टाचा अधांतरी ठेवूनच नोकऱ्या केल्या असतील! पाय जमिनीला टेकले नाहीत तर बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात; दोष मात्र पुन्हा देहाचाच.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत आश्चर्याची वाटली. लवचीक बैठकीचा शोध जगात पुनःपुन्हा लागलेला आहे. मुंबईच्या इराणी हॉटेलांतली गोल पाठीची खुर्ची आपण पाहिली असेल. तिचे कूळ व्हिएन्नाच्या मिखाएल टोनेट यांच्या १९५९ नव्हे, बरे का, १८५९ सालच्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीत आहे : वाफेने वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे आणि बैठक वेताची. हॉलंडच्या मार्ट स्टाम यांनी १९२६ साली नळ्या जोडून मागचे पायच नसलेली खुर्ची केली. मार्सेल ब्रॉयर यांनी १९२८ साली तशाच पोलादी नळीच्या खुर्चीला वेताची बैठक व पाठ दिली. तेथे नळीही स्प्रिंगसारखी नमते आणि वेतही. आपल्याच देशात चंदीगड उभारताना पिएर जनरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कार्यालयांसाठी सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या झाल्या. पुढे त्या भंगार म्हणून गच्च्यांवर रचल्या गेल्या, कवडीमोलाने विकल्या गेल्या, आणि आता परदेशी लिलावांत त्यांना लाखो रुपये येतात. हे वाचताना आमची टिप्पणी आमच्या डोळ्यांपुढे आली हे सांगावयास नको. आणि १९९४ साली अमेरिकेत एक खुर्ची निघाली, तीत फोम अजिबात नाही. चौकटीवर ताणलेली प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी, हवा खेळणारी, देहाप्रमाणे नमणारी. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक हे तिचे कर्ते. तिच्या शोधाची सुरुवात वृद्धांसाठी सुखकर आसन करण्याच्या खटपटीतून झाली होती. म्हणजे फिरून फिरून जग आमच्या ओसरीवरच्या बाजेपाशीच आले!

आता आमच्या खुर्चीकडे वळतो. वेतकाम करणारा कारागीर आम्हांस जवळपास मिळाला नाही. ते कारागीर कोणामुळे दुर्मिळ झाले याचे उत्तर आमच्यापाशी होते. म्हणून सुपेल्याच्या बाजारातून पलंगाची सुती नवार आणली आणि दुर्गच्या एका वयस्क सुतारमिस्त्रींना गाठले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बैठनेवाला कौन है?" इतक्या खुर्च्या विकत घेतल्या, हा प्रश्न आम्हांस एकाही दुकानात कोणी विचारला नव्हता. ते घरी आले, बाबांना एका सपाट पाटावर ताठ बसवून त्यांनी फूटपट्टीने मापे घेतली. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमीन सोळा इंच. पाठीपासून खोबणीपर्यंत साडेअठरा. बैठकीपासून कोपर साडेआठ.

त्यावरून ठरले ते असे. बैठकीची उंची सतरा इंच. बसल्यावर नवार इंचभर दबते, म्हणजे बसणाऱ्याला सोळाच होते, आणि उठताना मात्र ती मागून थोडी साथ देते. बैठकीची खोली साडेसोळा, म्हणजे गुडघ्यामागे दोन इंच मोकळे. पाठीचा कल काटकोनाहून पंधरा अंश मागे. पाठीवर बैठकीलगत पाच इंच काहीच नाही. तेथे ढुंगणाला मागे सरायला जागा हवी, नाहीतर कमरेला टेकूच मिळत नाही. त्याच्या वर कमरेशी दोन पट्ट्या घट्ट आणि वरच्या तीन सैल. खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या कडेहून दोन इंच पुढे आलेले आणि टोकाला गोल, मुठीत धरता येतील असे. पुढच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी मात्र काढून टाकली. उठताना माणूस पावले मागे, गुडघ्यांच्या खाली घेतो. पुढची पट्टी पावलांना अडवते. आपण उठून पाहा, आम्ही सांगतो ते पटेल. ती पट्टी आम्ही दोन्ही बाजूंना आणि मधोमध नेली.

पहिला प्रयोग फसला. मिस्त्रींनी नवार सगळीकडे सारखी ताणली होती. बाबा बसले आणि म्हणाले, "ही खुर्ची नव्हे, पाळणा आहे." दुसऱ्या खेपेस आम्ही मोठ्या जोमाने सगळ्या पट्ट्या आवळून घेतल्या. बाबांचा शेरा : "हा तर शाळेतला बाक झाला." तेव्हा कोठे आम्हांस नागपूरच्या त्या कारागिराचे शब्द आठवले : सैल ठेवायची हिंमत पाहिजे. तिसऱ्या खेपेस मागच्या भागात, जेथे बैठकीची हाडे टेकतात, तेथल्या आडव्या पट्ट्या घट्ट घेतल्या आणि मांड्यांखालच्या हळूहळू सैल करीत आणल्या. पुढचे लाकूड इंचभर खाली उतरवून गोल केले, म्हणजे नवार दबली तरी लाकूड मांडीला लागू नये. बाबा बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वर्तमानपत्र मागितले.

राहिला प्रश्न झोळाचा. सुती नवार ताण धरते तशी सोडतेही. तीन आठवड्यांत बैठक खाली आली. तेथे बाज उपयोगी पडली. उभ्या पट्ट्या मागच्या लाकडाला खिळ्यांनी ठोकण्याऐवजी आम्ही त्या एका सुट्या दांडीभोवती वळवल्या आणि ती दांडी मागच्या लाकडाला दोरीने बांधली. दोरी ओढली की दांडी मागे येते, बैठक ताठ होते. पहिली दांडी सागवानी होती, ती धनुष्यासारखी वाकली. मिस्त्री म्हणाले, "साहब, भिलाई में रहकर लकड़ी की ज़िद क्यों?" तेव्हा एक इंची पोलादी नळी घातली, ती आजतागायत वाकलेली नाही. दर दोन महिन्यांनी दोरी ओढावी लागते, वर्षातून एकदा आडव्या पट्ट्या उकलून पुन्हा ताणाव्या लागतात, आणि नवार मळते म्हणून धुवावीही लागते. हे दोष आहेतच. पण फोम एकदा बसला की बसला. त्याला पुन्हा उठवता येत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही कार्यालयातून आलो, तर बाबा दारात उभे. कोणी उठवले, म्हणून विचारले. "कोणी नाही," ते म्हणाले, "उत्तर बरोबर आले. रीत मात्र तीनदा चुकलास." त्या रात्री जेवणानंतर त्यांनी तांब्याभर पाणी मागून घेतले. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या. आम्हीही दोरी नीट बांधली आहे की नाही ते उगीचच वाकून पाहत राहिलो.

खुर्चीने म्हातारपण जात नाही, हे आम्ही जाणतो. बाबांचे गुडघे शेवटपर्यंत दुखतच होते. २०२२ च्या पावसाळ्यात ते गेले. शेवटचा आठवडा सोडला तर साडेपाच-सहा वर्षे ते आपले आपण बसले आणि आपले आपण उठले. एवढेच त्या खुर्चीने केले. माणसाला आणखी काय हवे असते, हे त्या वयात पोहोचल्यावर आम्हांस कळेल.

आता मंडळापुढे एक विनंती. सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहाला रंग झाला, नवा ध्वनिक्षेपक आला, फार चांगले झाले. आपली मुले पुण्याला, बंगळूरला, त्याहूनही दूर गेली आहेत. ही वस्ती वसवणाऱ्या पिढीतले जे येथे उरले आहेत त्यांना मराठी शब्द कानी पडण्याचे ठिकाण म्हणजे हे सभागृह. येथल्या शंभर खुर्च्या एकाच साच्यातल्या आहेत. एकावर एक रचता येतात, हा त्यांचा मोठा गुण. त्या राहू द्याव्यात. त्यांच्या पुढे दहाच खुर्च्या नवारीच्या कराव्यात, तीन वेगवेगळ्या उंचींच्या, हातांच्या आणि पुढे पट्टी नसलेल्या. पहिल्या दोन खुर्च्यांचा खर्च आम्ही उचलू. वेत विणणारा एखादा कारागीर रायपूर-नागपूरकडे कोणाच्या माहितीत असेल तर त्याला मुद्दाम बोलवावे आणि काम द्यावे. आम्हांपुरता तो एका जुन्या टिप्पणीवरचा उशिराचा शेरा होईल. आणि त्या दहांतली पहिली खुर्ची तयार झाली की भजनी मंडळाच्या त्या आजींना निरोप पाठवावा.

बाबांची खुर्ची आम्ही आज बरोबर आणली आहे. व्यासपीठाच्या डाव्या हाताला ठेवली आहे, नवार कालच धुतलेली आहे. सभा संपल्यावर ज्येष्ठांनी तिच्यावर अवश्य बसून पाहावे. अभियंत्यांनी उलटी करून पाहिली तरी आमची हरकत नाही. कोठे टोचते, कोठे कमी पडते ते मोकळेपणी सांगावे, म्हणजे पुढच्या खुर्चीत दुरुस्ती करता येईल.

आपण सर्वांनी एवढा वेळ या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून आमचे म्हणणे ऐकून घेतलेत. मघापासून पुष्कळ जण कूस बदलीत आहेत, हे आम्ही येथून पाहत आहोत. ते भाषण लांबल्यामुळे असेल तर क्षमा असावी. खुर्चीमुळे असेल तर आमचा मुद्दा सिद्ध झाला असे समजून रजा घेतो.